संगणकाचे पोर्ट आणि ओलिताचा ओलावा

श्रोते मित्रहो, नमस्कार. आपल्या भागातल्या एखाद्या शाळेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात पडलेला जुना संगणक दिसला, तर त्याची पाठ एकदा जरूर पाहावी. तिथे पंचवीस छिद्रांची एक लांबट पट्टी असू शकते, तिला पॅरलल पोर्ट म्हणतात; पोर्ट म्हणजे बाहेरचे उपकरण संगणकाला जोडण्याची जागा. ती प्रिंटरसाठी केलेली असली, तरी स्वतःच्या हातांनी जोडणी शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला इतके सरळ पोर्ट दुसरे मिळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पोर्टची २ ते ९ क्रमांकांची आठ छिद्रे माहिती बाहेर देतात आणि १८ ते २५ ही ग्राउंडची, म्हणजे वीज परत जाण्याच्या शून्य व्होल्टच्या वाटेची असतात. क्रमांक २ पासून ३३० ओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा भाग) आणि त्यापुढे लाल एलईडी, म्हणजे छोटा दिवा, जोडून दुसरे टोक ग्राउंडला नेले, आणि प्रोग्राममधून पोर्टवर १ हा आकडा पाठवला, की दिवा लागतो. बाकीच्या सात छिद्रांनाही असेच दिवे जोडले, तर २ पाठवल्यावर शेजारचा लागतो, ३ पाठवला तर दोन्ही, आणि २५५ पाठवला तर आठही दिवे उजळतात. फक्त ० आणि १ वापरून आकडे लिहिण्याची द्विमान पद्धत फळ्यावर कितीही समजावली, तरी ती अशी डोळ्यांना दिसली म्हणजे मुले विसरत नाहीत.

रेझिस्टर मात्र वगळू नये. पोर्टवर फार तर ५ व्होल्ट येतात आणि लाल एलईडी त्यातले सुमारे २ घेतो, म्हणून उरलेल्या ३ व्होल्टसाठी ३३० ओहमचा अडसर ठेवला की प्रवाह ९ मिलिअँपिअरच्या आसपास थांबतो. जुन्या पोर्टमध्ये तो याहूनही कमी मिळतो आणि दिवा मंद दिसतो. पोर्ट हे संकेत देण्याघेण्यासाठी आहे, यंत्र चालवण्यासाठी नाही, एवढे ध्यानात ठेवले तर बहुतेक नुकसान टळते.

आजच्या लॅपटॉपला हे पोर्ट नसते, युएसबी असते. त्यावर ५ व्होल्ट मिळतात खरे, पण माहितीच्या तारांवर संगणक ठरलेल्या नियमांनीच बोलतो, त्यामुळे नुसता एलईडी जोडून तो हवा तेव्हा लावता-विझवता येत नाही. मध्ये एक छोटा दुभाष्या लागतो. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेले अर्डुइनो हे बोर्ड ते काम स्वस्तात करते.

समजा, वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत मातीचा ओलावा मोजायचा आहे. मातीत खोचलेल्या सेन्सरकडून, म्हणजे ओल जाणणाऱ्या उपकरणाकडून, येणारा ० ते ५ व्होल्टचा दाब अर्डुइनोचा उनो हा प्रकार ० ते १०२३ या आकड्यांत मांडतो आणि युएसबीच्या तारेने संगणकाच्या पडद्यावर पाठवतो. दोन उघड्या दांड्यांचे सेन्सर स्वस्त असतात, परंतु ओल्या मातीत सतत वीज खेळवल्याने त्यांचा धातू लवकर खाल्ला जातो; म्हणून मोजणीपुरतीच त्यांना वीज द्यावी, किंवा थोडे पैसे जास्त घालून कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा, ज्याचा धातू झाकलेला असून मातीला लागत नाही.

हा आकडा पाहून मोटार आपोआप सुरू करण्याचा मोह होईल. उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये, आणि ५ व्होल्टच्या लहान रिलेची (विजेने चालणाऱ्या बटणाची) कॉइल, म्हणजे आतले तारेचे वेटोळेच, साधारण ७० मिलिअँपिअर मागते, म्हणून मध्ये थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर आणि कॉइल बंद होताना उसळणारा दाब शमवायला तिच्यावर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवा. वावरातल्या थ्री-फेज मोटारीच्या स्टार्टरला मात्र विद्यार्थ्याने हात लावू नये. ती जोडणी जाणकार वायरमननेच करावी.

राहिली आपली काळी जमीन. उन्हाळ्यात ती भेगाळते, सेन्सरभोवती पोकळी होते आणि खाली ओल असतानाही आकडा कोरड्या मातीचा येतो. तेव्हा आकड्यावर विसंबून पाणी सोडण्याआधी सेन्सरभोवतीची माती नीट दाबावी, आणि वीतभर खणून हाताने ओल पाहावी.