आधी व्ह्यूपोर्ट, मग बेझल! रेट्रोआर्कमध्ये स्वतःचं बेझल आणि शेडर कसं जुळवायचं

मंडळी, "सगळ्यात भारी बेझल पॅक कोणता?" हा प्रश्न कॉमेंटमध्ये रोज पडतो. उत्तर आधीच देऊन टाकतो: कुठलाच नाही. प्रत्येक पॅक कुणाच्या तरी स्क्रीनच्या मापाचा असतो, कुणीतरी निवडलेल्या शेडरला धरून बनवलेला असतो. तुमच्याकडे तो आला की चित्र चौकटीत बसत नाही. मग तुम्ही चित्र ताणता, स्कॅनलाइन (जुन्या टीव्हीसारख्या आडव्या काळ्या रेघा) बिघडतात आणि शिव्या मात्र शेडरला बसतात.

म्हणून आज बेझल स्वतः बनवायचं. रेट्रोआर्क (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारा प्रोग्रॅम), 1920 बाय 1080 स्क्रीन, आणि उदाहरणाला सुपर निन्टेंडो कन्सोल. 4के वाल्यांचे आकडेही येतील, थांबा जरा.

बेसिक पटकन उरकतो. बेझल म्हणजे गेमच्या चित्राभोवती चौकट म्हणून लावायची, मधोमध पारदर्शक खिडकी असलेली पीएनजी. शेडर म्हणजे गेमच्या चित्रावर ग्राफिक्स कार्डात चालणारा छोटा प्रोग्रॅम. व्हल्कन किंवा डायरेक्टएक्स 11 ड्रायव्हर असेल तर स्लँग शेडर घ्यायचे, जुना जीएल ड्रायव्हर असेल तर जीएलएसएल. आता क्रम बघा: कोअर (रेट्रोआर्कमधला त्या त्या कन्सोलचा एम्युलेटर) चित्र देतो, त्यावर शेडर चालतो, तयार झालेलं चित्र व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे स्क्रीनवर गेमला दिलेल्या चौकोनात बसतं, आणि सगळ्यांच्या वर ओव्हरले, म्हणजे आपलं बेझल येतं. म्हणजे तुमच्या पीएनजीला शेडर हातही लावत नाही. हे डोक्यात ठेवा, पुढे तीनदा लागणार आहे.

आता मुद्द्याचं. आधी व्ह्यूपोर्ट ठरवायचा, मग बेझल काढायचं. लोक नेमकं उलट करतात.

हिशोब करून बघू. सुपर निन्टेंडोचं चित्र बहुतेक गेममध्ये 256 बाय 224 असतं. तुमची स्क्रीन 1080 ओळींची. 1080 भागिले 224 केलं की 4.82 येतात. म्हणजे चित्र उभं पूर्ण ताणलंत तर 224 पैकी 184 ओळींच्या वाट्याला 5 पिक्सेल येतात आणि 40 ओळींच्या वाट्याला 4. त्या 40 ओळी चित्रभर विखुरलेल्या असतात. त्यावर स्कॅनलाइनचा शेडर लावला की ठरावीक अंतराने एक पट्टा जाड, एक बारीक. चित्र वर-खाली सरकायला लागलं की ते पट्टे लाटेसारखे दिसतात. यात शेडरचा दोष नाही, भागाकार पूर्ण जात नाही एवढंच.

मग पूर्णांक पट घ्यायची. चौपट म्हणजे 896 ओळी. 4:3 धरलं तर रुंदी 1194.67 येते, ती 1194 घ्यायची. सम संख्या मुद्दाम, म्हणजे मधोमध ठेवताना अर्धा पिक्सेल उरत नाही. डावीकडून 363, वरून 92. हे चार आकडे लिहून ठेवा: 1194, 896, 363, 92. तुमचं अख्खं बेझल या चार आकड्यांवर उभं राहणार आहे.

चौपट लहान वाटतं? पाचपट घ्या. 1120 ओळी, रुंदी 1494, डावीकडून 213, वरून उणे 20. हो, उणे चालतं. वरच्या आणि खालच्या प्रत्येकी 20 पिक्सेल पट्ट्या स्क्रीनबाहेर जातात, म्हणजे गेमच्या मूळ चित्रातल्या वर 4 आणि खाली 4 ओळी. जुन्या टीव्हीवर कडेच्या काही ओळी तशाही दिसत नसत, त्यामुळे बहुतेक गेममध्ये काही बिघडत नाही. पण एखाद्या गेममध्ये स्कोअर अगदी वरच्या काठाला चिकटलेला असेल तर चौपटवर परत या. 4के स्क्रीन असेल तर मजाच आहे: 9 पट म्हणजे 2016, रुंदी बरोबर 2688, डावीकडून 576, वरून 72. सगळं पूर्णांकात.

"4:3 नको, 8:7 पिक्सेलचं प्रमाण (प्रत्येक पिक्सेल उंचीपेक्षा किंचित रुंद) घ्या" म्हणणारी मंडळी कॉमेंटमध्ये येणारच. घ्या की. चौपटला रुंदी 1170 होईल, डावीकडून 375. आडव्या दिशेला पूर्णांकाचा आग्रह तसाही नाही, स्कॅनलाइन उभ्या मोजणीवर चालतात. या विषयावरचं भांडण मी सोडवणार नाही.

आता हेच ड्रॉइंगच्या बाजूने. गिंप घ्या, क्रिटा घ्या, फोटोशॉप घ्या, काहीही. 1920 बाय 1080 चा कॅनव्हास. त्यापेक्षा मोठा काढून नंतर लहान करू नका, का ते सांगतो. आधी गाइड टाका: उभ्या 363 आणि 1557 वर, आडव्या 92 आणि 988 वर. खिडकी याच गाइडवर कापायची. डोळ्यांनी अंदाज नको, सिलेक्शनच्या खिडकीत आकडे टाइप करा.

आणि कापायची म्हणजे खोडरबराने पुसायची नाही. लेयर मास्क लावा. याचं कारण म्हणजे ती पांढरी कड. "माझ्या बेझलच्या आतल्या काठावर पांढरी रेघ दिसते" असं बरेच जण विचारतात. त्याचं असं आहे की पारदर्शक पिक्सेललाही स्वतःचा रंग असतो, फक्त तो दिसत नाही. खिडकीतल्या पिक्सेलचा लपलेला रंग पांढरा असेल आणि ओव्हरले थोडाही लहान-मोठा झाला, तर शेजारच्या पिक्सेलशी सरासरी होते आणि तो पांढरा कडेला बाहेर येतो. उपाय दोन, दोन्ही करा. खिडकीची जागा आधी काळ्या रंगाने भरा, मग मास्कने लपवा, आणि गिंपमधून एक्स्पोर्ट करताना पारदर्शक पिक्सेलचे रंग जपण्याचा पर्याय चालू ठेवा. दुसरं, पीएनजी स्क्रीनच्या नेमक्या मापाची ठेवा, म्हणजे सरासरी व्हायचा प्रश्नच येत नाही.

काठावर वेळ घाला, बेझल खरं दिसतं ते तिथेच. खिडकीच्या बाहेर साधारण 14 पिक्सेलची आतली कड: खिडकीकडे गडद, बाहेर जाताना किंचित उजळ. खिडकीच्या आत 6 ते 8 पिक्सेल अर्धपारदर्शक काळी सावली, काठाशी 40 टक्के आणि आत जाता जाता शून्य. या सावलीने चित्र काचेच्या मागे बसल्यासारखं वाटतं. काचेवरची चमक हवी असेल तर पांढरा रंग 5 टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर काळा सीन आला की स्क्रीनवर धुकं.

बाहेरचा भाग गडदच ठेवा, आरजीबी 20 ते 35 च्या आसपास. कारण शेडर लावला की गेमचं चित्र काळवंडतं. स्कॅनलाइन आणि फॉस्फर मास्क (जुन्या टीव्हीच्या रंगीत ठिपक्यांची नक्कल) दोन्ही उजेड खातात. शेजारी झगमगीत चौकट असेल तर चित्र आणखी मेलेलं वाटतं. म्हणून बेझलचा रंग शेडर चालू ठेवूनच ठरवा. चारही बाजूंनी कॅबिनेटची चित्रं, लोगो, बटणं, स्टिकर असली बेझल बघितली की अंगापेक्षा बोंगा मोठा असं वाटतं. ओएलईडी स्क्रीन असेल तर तो उजळ लोगो तासन्‌तास एकाच जागी ठेवणं स्क्रीनच्या जिवावर बेतू शकतं.

एक राग काढून घेतो. पीएनजीमध्येच स्कॅनलाइन रंगवू नका! कृपा करा. खऱ्या सीआरटीवर, म्हणजे जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर, उजळ भागात ओळ जाड होते, अंधाऱ्या भागात बारीक. पीएनजीला खालच्या चित्रात काय चाललंय हे कळत नाही, ती सगळीकडे सारखीच काळी रेघ मारते. उजेड जातो तो जातोच, वर गेमने रिझोल्यूशन बदललं की रेघा चुकीच्या जागी. ते काम शेडरचं आहे, त्यालाच करू द्या.

तिसरी बाजू, कॉन्फिग. तीच गोष्ट पुन्हा: व्ह्यूपोर्ट आणि खिडकी यांचे आकडे एकच हवेत.

[स्क्रीनवर: ओव्हरलेची सीएफजी फाइल]

फाइल चार ओळींची. ओव्हरलेची संख्या 1. पहिल्या ओव्हरलेची फाइल म्हणजे तुमची पीएनजी. फुल स्क्रीन ट्रू. डिस्क्रिप्शनची संख्या 0, कारण आपल्याला टचची बटणं नकोत. क्रमांक शून्यापासून सुरू होतात हे विसरू नका, पहिला ओव्हरले म्हणजे ओव्हरले शून्य. मग सेटिंगमध्ये जाऊन आस्पेक्ट रेशो कस्टम, आणि खाली आपले चार आकडे. आता लक्ष द्या: इंटिजर स्केल, म्हणजे पूर्णांक पट आपोआप घेणारा पर्याय, बंद.

"अहो, आत्ताच पूर्णांक पट म्हणालात ना?" म्हणालो. पूर्णांक आपण स्वतः हिशोबाने घेतलाय. तो पर्याय चालू असला की कोअरने रिझोल्यूशन बदलल्याबरोबर रेट्रोआर्क पट नव्याने मोजतो. प्लेस्टेशनवर मेनू 480 ओळींचा आणि खेळ 240 चा असा प्रकार असतो, मग चित्राचं माप उडी मारतं आणि तुमची खिडकी जागच्या जागी. कस्टम व्ह्यूपोर्ट स्क्रीनच्या पिक्सेलमध्ये ठरलेला असतो, तो हलत नाही.

ओव्हरलेच्या मेनूत तीन गोष्टी तपासा. ओपॅसिटी 1 हवी, नाहीतर बेझल अर्धवट पारदर्शक दिसतं. ऑटो स्केल बंद. आणि कंट्रोलर जोडल्यावर ओव्हरले लपवण्याचा पर्याय बंद. मोबाइलवाले विचारतात, "ब्लूटूथ कंट्रोलर लावला की बेझल गायब होतं." हाच तो पर्याय. रेट्रोआर्कला ओव्हरले म्हणजे टचची बटणंच वाटतात.

दुसऱ्याची जुनी कॉन्फिग जशीच्या तशी उचलू नका. आस्पेक्ट रेशो तिथे क्रमांकाने लिहिलेला असतो, आणि मधल्या काळात यादीत नवे पर्याय आल्यामुळे कस्टमचा क्रमांक सरकलाय. मेनूतून निवडा, म्हणजे भानगड नाही.

शेडरकडे येऊ. कमी ताकदीच्या मशीनवर झेडफास्ट सीआरटी, बऱ्या मशीनवर सीआरटी ईझीमोड, ग्राफिक्स कार्ड दणकट असेल तर गेस्ट ॲडव्हान्स्ड. पण 1080 च्या स्क्रीनवर कर्व्हेचर, म्हणजे चित्राचा फुगवटा, शून्य ठेवा. ओळी वाकल्या की आपण जपलेला पूर्णांकाचा हिशोब मोडतो आणि गोल गोल मोआरे, म्हणजे नको असलेली पट्ट्यांची नक्षी, दिसायला लागतं. फुगवटा हवाच असेल तर तो बेझलमध्ये काढा: खिडकीची कड बाहेरच्या बाजूला 6-7 पिक्सेल वाकवा, कोपरे मात्र थोडे आत घ्या. मधल्या भागात वाकलेली कड व्ह्यूपोर्टच्या बाहेर जाते तिथे काळंच दिसेल, ते आतल्या सावलीत मुरतं. 4के वर कर्व्हेचर बिनधास्त लावा, तिथे ओळीला 9 पिक्सेल मिळतात. शेडरने सोडलेले काळे कोपरे बेझलच्या कडेखाली झाका.

उभ्या आर्केड गेमला, पॅक-मॅनसारख्या 224 बाय 288 वाल्यांना, सगळं आडवं वळवून विचार करा. मॉनिटरच फिरवलेला असायचा, त्यामुळे स्कॅनलाइन उभ्या आणि पूर्णांक रुंदीत हवा. तिप्पट 672, उंची 896, डावीकडून 624, वरून 92. गेस्ट ॲडव्हान्स्डमध्ये यासाठी टाटे मोड आहे, तो चालू करा. गेम बॉय सोपा, पिक्सेल चौरसच. 160 बाय 144 ची सातपट 1120 बाय 1008 होते, पण मग वर फक्त 36 पिक्सेल उरतात. बेझल दिसायला हवं असेल तर सहापट बरी: 960 बाय 864, आणि एलसीडी ग्रिडचा शेडर.

"बेझलवर गेमचं प्रतिबिंब कसं आणायचं?" पीएनजीने नाही येणार. क्रम आठवा, ओव्हरलेला खालचे पिक्सेल माहीतच नाहीत. त्यासाठी मेगा बेझल हा शेडरचा संच, तिथे बेझलच शेडरच्या आत काढलेलं असतं. आणि तिथे आजचा अर्धा व्हिडिओ उलटा करायचा: आस्पेक्ट रेशो फुल, ओव्हरले बंद. इंटिजर स्केल मात्र तिथेही बंदच. कार्ड हलकं असेल तर त्याचे पोटॅटो प्रीसेट, म्हणजे हलकी तयार सेटिंग, वापरा. आमच्याकडे ओव्हरले आणि मेगा बेझल दोन्ही एकदम चालू ठेवलेले स्क्रीनशॉट येतात, बेझलच्या आत बेझल.

तपासायला 240पी टेस्ट सूट हा चाचणीचा प्रोग्रॅम चालवा, त्यातला ग्रिड उघडा. चारही कडा सारख्या दिसल्या पाहिजेत. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचं स्वतःचं ओव्हरस्कॅन (कडा कापून चित्र मोठं करणं) आधी बंद करा, नाहीतर हे सगळं मोजमाप पाण्यात. आणि स्कॅनलाइन कशा दिसतात ते माझ्या व्हिडिओवरून ठरवू नका. फोनवर चित्र लहान होतं, वर कॉम्प्रेशन, मग पट्टे दिसणारच.

सेव्ह करताना मेन कॉन्फिगमध्ये नाही. क्विक मेनू, ओव्हरराइड, कोअर ओव्हरराइड सेव्ह, म्हणजे त्या कोअरपुरतंच सेटिंग. एखाद्या गेमला वेगळे आकडे हवे असतील तर गेम ओव्हरराइड, तो कोअरच्या वर चढतो. शेडरचा प्रीसेट वेगळा सेव्ह होतो, शेडरच्या मेनूतून, तिथेही कोअरपुरता. ओव्हरराइडमध्ये शेडर जाईल या भरवशावर बाहेर पडलात तर पुढच्या वेळी बेझल येईल आणि आत साधं चित्र दिसेल.