जुनी आलिशान गाडी आणि तिच्या देखभालीचा हिशेब

मित्रहो,

नवी असताना जी गाडी घेण्याचा विचारही आपण केला नसता, तीच गाडी पंधरा वर्षांनी एखाद्या साध्या नव्या मोटारीच्या किमतीत समोर येऊन उभी राहते आणि मग मन डळमळू लागते. चामड्याच्या सीट, दगडगोट्यांतून वाट काढणारी फोर व्हील ड्राइव्ह, दार लागतानाचा तो भरीव आवाज! मी स्वतः या मोहाला बळी पडलो आणि गेली अकरा वर्षे अशी एक गाडी सांभाळतो आहे. तिच्यावर माझे प्रेम आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे बोलणार आहे ते ऐकून मी या गाड्यांच्या विरोधात आहे असा कोणाचा समज होऊ नये. माझे म्हणणे एवढेच आहे की या गाड्यांचा खर्च भागाच्या किमतीपेक्षाही बिघाड आपण किती लवकर ओळखतो यावर ठरतो, आणि लवकर ओळखण्यासाठी गाडी आतून कशी चालते हे थोडेफार माहीत असावे लागते.

गाडीची किंमत वर्षागणिक घसरते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र तिच्या मागोमाग खाली येत नाही. गिअरबॉक्स, कॉम्प्रेसर, हेडलाइट हे सगळे भाग त्या महागड्या नव्या गाडीसाठी बनलेले असतात आणि त्यांचे दरही त्याच पातळीवर राहतात. मजुरीचेही तसेच आहे. मेकॅनिकला तो भाग उतरवायला जितके तास नव्या गाडीत लागले असते, तितकेच जुन्या गाडीत लागतात. उलट गंजलेले बोल्ट तुटतात म्हणून थोडे जास्तच. गाडी स्वस्तात मिळाली म्हणून तिची देखभालही स्वस्तात होईल, हा हिशेब तिथेच फसतो.

या गाड्या मुळात इतक्या गुंतागुंतीच्या नव्हत्या. 1970 साली पहिली रेंज रोव्हर आली तेव्हा तिला दोनच दारे होती आणि आतला भाग पाण्याच्या पाइपने धुता यावा असा साधा होता. तिच्यातले नवेपण यंत्रणेत होते: पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, चारही चाकांना डिस्क ब्रेक, कायमस्वरूपी फोर व्हील ड्राइव्ह आणि अॅल्युमिनियमचे साडेतीन लिटरचे व्ही-एट (आठ सिलिंडरचे) इंजिन. 1981 मध्ये चार दारे आली, पुढच्या वर्षी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि 1992 मध्ये हवेवर चालणारे सस्पेन्शन आले. 1979 साली सुरू झालेल्या मर्सिडीजच्या जी-क्लासचा प्रवासही साधेपणाकडून आलिशानपणाकडे असाच झाला. सुखसोयींचा एकेक थर वाढत गेला आणि प्रत्येक थराबरोबर पुढे कधीतरी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या गोष्टींची भर पडत गेली. जाड अॅक्सलसारखे (चाकांना जोडणाऱ्या दांड्यासारखे) भाग किलोमीटरांनी झिजतात. रबर, प्लॅस्टिक, वायरिंग आणि सील मात्र गाडी उभी असली तरी वयाने झिजतात. म्हणून ‘कमी चाललेली’ जुनी गाडी पाहून फार हुरळून जाऊ नये.

आता माझ्या गाडीचीच हकिगत सांगतो. एका सकाळी ती पुढच्या डाव्या बाजूला किंचित खाली बसलेली दिसली. इंजिन सुरू केले, मिनिटभरात ती पुन्हा सरळ उभी राहिली आणि मी निघून गेलो. असे अनेक आठवडे चालले. हवेच्या सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाकावर स्प्रिंगऐवजी रबरी फुगा असतो आणि एक कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. फुग्याचे रबर ज्या ठिकाणी सतत दुमडते आणि उलगडते, तिथे वयाने बारीक भेगा पडतात. भेग लहान असते, हवा अगदी हळूहळू जाते आणि कॉम्प्रेसर ती तूट मुकाट्याने भरून काढत राहतो. दिवसातून काही क्षण चालण्यासाठी बनवलेला हा लहानसा पंप वारंवार आणि लांबत चालू लागतो, तापतो आणि त्याच्या पिस्टनची सील झिजते. हवेतला ओलावा शोषण्यासाठी त्याच्याबरोबर एक ड्रायर असतो, त्यातले दाणे ओलाव्याने भरून जातात आणि मग तो ओलावा पुढच्या व्हॉल्व्हमध्ये शिरतो. एके दिवशी गाडी उठलीच नाही. त्या वेळी माझ्यावर फुगा, कॉम्प्रेसर आणि हवा कोणत्या फुग्यात जावी हे ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक या तिन्हींचा खर्च पडला. सुरुवातीलाच लक्ष दिले असते तर एका फुग्यावर भागले असते, ही चूक माझीच होती.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. महिन्यातून एकदा रात्री गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने चारही ठिकाणी मोजतो, वहीत लिहितो आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा मोजतो. एखादा कोपरा उतरला असेल तर गाडी सर्वांत वरच्या उंचीवर नेऊन, चॅसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, भक्कम आधार देऊन, त्या फुग्यावर साबणाचे पाणी फवारायचे. भेगेपाशी बारीक फेस धरू लागतो. पाइपांच्या जोडांवरही फवारावे, कारण कधी कधी फुगा चांगला असतो आणि जोडच गळत असतो. हा आधार मात्र कधीही टाळू नये. फुग्यातली हवा गेली तर गाडी क्षणात खाली येते.

पुष्कळजण वैतागून ही यंत्रणाच काढून टाकतात आणि साध्या कॉइल स्प्रिंग बसवतात. तो मार्ग चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण गाडीची उंची वरखाली करण्याची सोय त्यात जाते, आणि खडकाळ वाटेवर हीच सोय या गाडीचा निम्मा जीव असते. मी फुगे ठेवले.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वांत मोठे बिल इथून येते. अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभरासाठी भरलेले असल्याचे लिहिलेले असते. कोणाच्या आयुष्यभरासाठी, हा प्रश्न विचारायला हवा. या वर्गातल्या कितीतरी गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः मात्र 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलण्याची शिफारस करते. तिच्या सहा गिअरांच्या गिअरबॉक्सला खाली प्लॅस्टिकचा पॅन असतो आणि फिल्टर त्याच्यातच असतो, त्यामुळे अख्खा पॅनच बदलावा लागतो. ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइलचे तापमान साधारण 30 ते 50 अंशांच्या दरम्यान असताना तपासायची असते. हे तापमान न पाहता ऑइल भरले तर ते कमीजास्त होते, गिअर बदलताना धक्के बसू लागतात आणि मालक म्हणतो की ऑइल बदलल्यामुळेच गिअरबॉक्स बिघडला. ऑइलचे काम खर्चिक वाटते खरे, पण गिअरबॉक्स उघडण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

कोणत्या भागापर्यंत पोहोचायला काय काय उघडावे लागते, यावरही बिल ठरते. पहिल्या पिढीच्या पोर्श कायेनच्या व्ही-एट इंजिनात कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप प्लॅस्टिकचे होते आणि इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या, खाली दडलेले होते. उष्णतेने ते ठिसूळ होऊन फुटत, म्हणून पुढे त्यांच्याऐवजी अॅल्युमिनियमचे पाइप बसवले जाऊ लागले. पाइपांची किंमत एक, आणि तिथवर हात पोहोचवण्याची मजुरी वेगळी. लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 च्या 2.7 लिटर डिझेल इंजिनाला पुढच्या टायमिंग बेल्टशिवाय मागे आणखी एक बेल्ट असतो. तो डिझेल पंप चालवतो आणि अनेकदा विसरला जातो. याच गाडीत टर्बोसारख्या कामासाठी पुष्कळ गॅरेजवाले संपूर्ण बॉडी चॅसिसवरून वर उचलतात. अशा वेळी शहाणा मालक मेकॅनिकला विचारतो की आता उघडलेच आहे तर आत आणखी काय जुने झाले आहे, आणि हाताशी आलेले रबरी पाइप व सील त्याच मजुरीत बदलून घेतो.

टायरांबद्दल एकच सांगतो. कायम फोर व्हील ड्राइव्ह असलेल्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्याच झिजेचे असावेत. एकच नवा टायर घातला तर चाकांच्या घेरात फरक पडतो आणि त्याचा ताण डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) यांच्यावर सतत पडत राहतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी हे आकडे वाचावेत.

खोल पाण्यातून गाडी नेणाऱ्यांनी डिफरन्शियलचे ऑइलही तपासत जावे. तापलेला अॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकुंचन पावते, आणि हवा येण्याजाण्याची बारीक नळी चिखलाने बुजलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ दिसले तर त्याच दिवशी बदलावे.

विजेच्या बिघाडांनी माणूस सर्वांत जास्त हैराण होतो. डॅशबोर्डवर एकाच वेळी पाचसहा दिवे लागतात आणि प्रत्येक यंत्रणा बिघडल्याचे सांगितले जाते. अशा वेळी आधी बॅटरी तपासा. व्होल्टेज कमी झाले की प्रत्येक यंत्रणा चालवणारे छोटे कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल युनिट, नाही नाही त्या तक्रारी करू लागतात. नंतर सनरूफ पाहा. त्याच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी छतातून उतरून पायांखालच्या गालिच्यात मुरते, आणि तिथेच कुठेतरी वायरिंगचे जोड असतात. गालिचा वरून कोरडा वाटतो. हात खाली घालून स्पंज दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. नळी साफ करायला एक मऊ तार आणि दहा मिनिटे पुरतात. पाणी शिरलेले युनिट बदलले तर नवे युनिट त्या गाडीशी कॉम्प्युटरने जुळवून घ्यावे लागते, त्याचा खर्च निराळा.

अशी गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांना मी सांगतो की सगळे पैसे खरेदीत घालू नका, पहिल्या वर्षीच्या कामांसाठी चांगली मोठी रक्कम बाजूला ठेवा. आधीच्या मालकाने जे पुढे ढकलले ते बहुधा त्या वर्षीच तुमच्या वाट्याला येते. गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच पाहा, जुनी बिले मागा, आणि चकचकीत पॉलिशपेक्षा गिअरबॉक्सचे ऑइल कधी बदलले त्या कागदाला जास्त मान द्या. चॅसिसला आतून गंज लागला असेल, स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पत्रा आत जात असेल, तर बाकी सगळे उत्तम असले तरी हात जोडून परत या. फुगा बदलता येतो, गिअरबॉक्सही बदलता येतो. पोखरलेल्या चॅसिसवर घातलेला पैसा मात्र परत कोणाच्याच उपयोगी पडत नाही. माझ्या गाडीखाली मी वर्षातून दोनदा टॉर्च घेऊन शिरतो तो हेच पाहायला, आणि अजून तरी हातोडीने ठोकल्यावर चॅसिसचा आवाज खणखणीत येतो.