जोड्या लावायच्या नाहीत

(दृश्य: रिकामा वर्ग, बाक, फळा. बाहेरून प्रार्थनेचा आवाज.)

हा फळा नीट बघा.

नाशिकमधली एक साधी मराठी शाळा, नववीचा वर्ग. सोमवारी इतिहासाच्या बाईंनी मुलांनाच विचारून विचारून वर्गाचे सात नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले आणि खाली 'पुसू नये' अशी चौकट टाकली. त्यातला चौथा होता, मधल्या सुट्टीत वर्गात कोणीही बसायचं नाही. मंगळवारी त्यात एक शब्द वाढला, 'कारणाशिवाय'. बुधवारी अजून थोडं, 'मॉनिटरला विचारल्याशिवाय'. अक्षर तेच, खडू तोच. बेचाळीस पोरं रोज त्या फळ्याकडे तोंड करून बसलेली आणि तीन दिवस कोणाच्या बापाला पत्ता नाही.

गुरुवारी मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि म्हणाला, बाई, हे असं नव्हतं. लगेच अख्खा वर्ग त्याच्यावर, असंच होतं रे, पहिल्यापासून असंच होतं. मग एका मुलीने वही काढली, तिने सोमवारी नियम उतरवून घेतले होते, आणि वहीत तो शब्द नव्हता. तर तिच्याच शेजारची मैत्रीण तिला काय म्हणावी? "तूच चुकीचं उतरवलं असशील."

बाई हे सगळं खिडकीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मी कॅमेरा घेऊन कोपऱ्यात होतो आणि खरं सांगतो, मला घाम फुटला होता.

त्याच दिवशी पुस्तक उघडलं.

(दृश्य: बाईंच्या हातात जुनं, कव्हर घातलेलं पुस्तक.)

पुस्तक जॉर्ज ऑर्वेलचं, 'ॲनिमल फार्म'. ऑगस्ट १९४५ मध्ये लंडनमध्ये छापलेलं. हा माणूस जन्मला आपल्याकडे बिहारमध्ये, मोतिहारीला, १९०३ साली, वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात. पुस्तक लिहून झालं तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं, रशिया इंग्लंडच्या बाजूने लढत होता, त्यामुळे एकामागून एक प्रकाशक नाही म्हणत गेले. दोस्तराष्ट्राच्या पुढाऱ्याला, स्टॅलिनला, डुक्कर कोण म्हणणार!

गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. शेतावरची जनावरं मालकाला हाकलून देतात, स्वतःचं राज्य आणतात, भिंतीवर सात नियम लिहितात, आणि हळूहळू डुकरं मालक होतात आणि भिंतीवरचे नियम रात्रीतून बदलत जातात. कोणीही पलंगावर झोपायचं नाही, याच्यापुढे 'चादर घालून' येतं. कोणी कोणाला मारायचं नाही, याच्यापुढे 'कारणाशिवाय' येतं. बाईंनी हा भाग वाचला तेव्हा मागच्या बाकावरून जो आवाज आला ना, 'अय्योऽऽ', तो कुठल्याही गाईडमध्ये मिळणार नाही.

आता माझं सांगतो. मी हेच पुस्तक कॉलेजात शिकलो आणि आम्हाला पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर तक्ता काढून दिला. नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल डुक्कर म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की, बॉक्सर घोडा म्हणजे कामगार, कुत्रे म्हणजे गुप्त पोलीस. झालं! त्यानंतर मी पुस्तक वाचलंच नाही, तक्ता वाचला. पेपरला सरळ 'जोड्या लावा' आलं, मला पैकीच्या पैकी, आणि बॉक्सर मेल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही कारण माझ्यासाठी तो घोडा नव्हताच, तो 'ब' गटातला तिसरा पर्याय होता.

या बाईंच्या वर्गात तक्ता नाही. आधी अख्खी गोष्ट, दहाच्या दहा प्रकरणं, इंग्रजीतून वाचायची आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायची. रशियाचं नाव काढायचं नाही. ज्या पोराला आधीच माहीत असेल (एक-दोन असतातच, मोबाईल आहे ना) त्याने गप्प बसायचं. गोष्ट संपली की मग १९१७ ची रशियन क्रांती.

(दृश्य: निफाडकडचा रस्ता, द्राक्षाच्या बागा, गोठा.)

बॉक्सरच्या भागाला वर्ग थांबला. हा घोडा सगळ्यात जास्त राबतो, दर वेळी म्हणतो मी अजून जास्त काम करीन, आणि थकून पडल्यावर डुकरं त्याला दवाखान्यात नेतो सांगून खाटकाच्या गाडीत घालतात. नंतर वर्दी अशी की गाडी पूर्वी खाटकाची होती, आता डॉक्टरने घेतलीये, नाव रंगवायचं राहून गेलं.

निफाड तालुक्यातून रोज एसटीने येणारा एक मुलगा आहे. तो म्हणाला, बाई, आमच्याकडे पोळ्याला बैलाला शिंगं रंगवून, झूल घालून मिरवतात, पुरणपोळी खाऊ घालतात, आणि आमचा सर्जा म्हातारा झाला तेव्हा बाजारात नेला, आजी म्हणाली चांगल्या घरी गेला. मी सहावीत होतो. मी विचारलं नाही कुठलं घर.

कोणी काही बोललं नाही. बाईंनी पुस्तक मिटलं आणि तो तास तिथेच सोडला, जे मला फार आवडलं, नाहीतर आपल्याला प्रत्येक गोष्टीचं तात्पर्य सांगायची केवढी घाई.

दुसऱ्या दिवशी अलेक्सी स्टाखानोव आला. सोव्हिएत युनियनमधला कोळसा खाणीतला कामगार. ३१ ऑगस्ट १९३५ ला त्याने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला असं जाहीर झालं, ठरलेलं काम ७ टनांचं, म्हणजे चौदा पट. पेपरात फोटो, बक्षिसं, देशभर त्याच्या नावाची चळवळ. त्याच्याबरोबर खाणीला टेकू लावणारे दुसरे लोक होते हे मात्र मागे राहिलं. आणि मग बाकीच्यांचं ठरलेलं कामही वाढवलं गेलं. एका मुलीचे वडील अंबडच्या एमआयडीसीत आहेत, ती पटकन म्हणाली, बाई, टार्गेट! एकाने जास्त पीस काढले की दुसऱ्या महिन्यापासून सगळ्यांना तेवढेच. आता सांगा, हे तिला कुठल्या तक्त्यातून कळलं असतं?

पण मला सगळ्यात भारी वाटला तो तास वेगळाच होता.

(दृश्य: फळ्यावर कालरेषा. १९१७, १९२१, १९२४, १९२९, १९४०.)

रशियाचा इतिहास शिकवून झाला. मार्चमध्ये झार गेला, नोव्हेंबरमध्ये लेनिनचे बोल्शेविक आले (तिला ऑक्टोबर क्रांती म्हणतात कारण त्यांचं जुनं कॅलेंडर तेरा दिवस मागे होतं, ही गंमत मुलांना फार आवडते). मग यादवी, १९२४ मध्ये लेनिन गेला, स्टॅलिन वर आला, ट्रॉट्स्कीला १९२९ मध्ये देशाबाहेर काढलं आणि १९४० मध्ये मेक्सिकोत मारलं. मुलं खूश, कोण कुठलं डुक्कर ते धडाधड ओळखतायत. मग बाईंनी साधा प्रश्न टाकला. लेनिन कुठलं डुक्कर?

शोधा! सापडत नाही. म्हातारा मेजर आहे, पण तो बंड व्हायच्या आधीच मरतो, त्याच्यात मार्क्सही आहे आणि लेनिनही. त्याची कवटी झेंड्याच्या खांबापाशी एका बुंध्यावर ठेवून जनावरं सलामी देतात, ते लेनिनचं मॉस्कोत जपून ठेवलेलं शरीर. म्हणजे मेलेला लेनिन पुस्तकात आहे, राज्य करणारा नाही.

मग का नाही? पोरं दोन तास यावर भांडली. एकाचं म्हणणं, लेखकाला लेनिन आवडत असेल म्हणून वाचवला. दुसरी म्हणाली, गोष्टीत एकच व्हिलन बरा पडतो. मग बाईंनी पुढे ठेवलं, गुप्त पोलीस डिसेंबर १९१७ मध्येच उभे केले होते, लेनिन असतानाच. मार्च १९२१ मध्ये क्रॉनश्टाटच्या नौदल तळावरच्या नाविकांनी बंड केलं, हे तेच नाविक ज्यांनी क्रांतीला साथ दिली होती, आणि ते बंड ट्रॉट्स्कीच्या लाल सैन्याने मोडलं. मग ती निफाडची स्वारी परत उठली, बाई, दूध आणि सफरचंदं! पहिल्याच हंगामात डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवतात आणि त्याला स्नोबॉलचाही होकार असतो, ज्याला बिचारा-बिचारा म्हणतो आपण, तो पण त्यात होता. खुद्द ऑर्वेलने एका पत्रात लिहिलंय की गोष्ट वळते ती तिथेच. हे चौदा वर्षांच्या पोराने स्वतः शोधलं.

आणि रूपक वापरून इतिहास शिकवायचा तर माझ्या मते हाच खरा तास. गोष्ट इतिहासाशी जुळते तिथे मजा येते, पण जिथे जुळत नाही तिथे इतिहास सुरू होतो. हे पुस्तक म्हणजे रशियाचा इतिहास नव्हे, एका माणसाने रागाने काढलेलं रशियाचं चित्र आहे, आणि तो माणूस स्वतः समाजवादी होता हे तर आपण साफ विसरतो. पण रागातसुद्धा किती काळजी बघा. शेजारच्या शेतावरची माणसं पवनचक्की उडवतात तेव्हा सगळी जनावरं जमिनीवर पालथी पडतात, नेपोलियनसकट, असं आधी लिहिलं होतं. छापायच्या आधी त्याने बदलून 'नेपोलियन सोडून' केलं, कारण जर्मन फौजा मॉस्कोपाशी आल्या तेव्हा स्टॅलिन शहर सोडून गेला नव्हता. आपल्या नावडत्या माणसाबद्दल एवढी दुरुस्ती कोण करतं हो?

पालकांकडून एक मेसेज आलाच, की बाई कुठल्या पार्टीचं शिकवतायत. बाईंनी त्यांना वर्गात बसायला बोलावलं. एक काका आले, मागे बसले, आणि जाताना पुस्तक मागून घेऊन गेले.

(दृश्य: जुन्या नाशकातल्या गल्ल्या, वाड्यांचे दरवाजे. संध्याकाळ.)

आता म्हणाल हे सगळं तिकडचं. तर नाशिकचंच ऐका. २१ डिसेंबर १९०९, इथलं विजयानंद नाट्यगृह, 'शारदा'चा प्रयोग, आणि कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे गोळ्या घालतो. वय जेमतेम अठरा. पुढे एप्रिल १९१० मध्ये ठाण्याला फाशी. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच १९१० मध्ये सरकारने एका दुसऱ्याच नाटकावर बंदी घातली, खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर, जे १९०७ पासून रंगभूमीवर होतं. महाभारतातली गोष्ट, विराटाचा दरबार, सैरंध्रीच्या, म्हणजे वेष पालटलेल्या द्रौपदीच्या, मागे लागलेला कीचक, थांबा म्हणणारा युधिष्ठिर, न थांबणारा भीम. इंग्रजांचं नाव एकदाही नाही.

बाईंनी मुलांना फक्त गोष्ट आणि साल दिलं. १९०५ ची बंगालची फाळणी, मवाळ-जहालांचं भांडण हे त्यांचं शिकून झालं होतं. दहा मिनिटांत फाळणी करणारा व्हाइसरॉय कर्झन सापडला, पंधरा मिनिटांत मवाळ आणि जहाल.

मग बाईंनी सांगितलं, बंदीच्या सुमाराला व्हॅलेंटाइन चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकाराने लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लिहून टाकलं होतं, कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, नाव कुठेच नाही पण थिएटरातल्या प्रत्येकाला ते माहीत असतं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे बाई, जोड्या लावा त्यांनीच सोडवलं!"

वर्ग हसला. वहीवाली मुलगी मात्र हसली नाही. तिचं म्हणणं, पण बाई, आपल्याला द्रौपदी कोण हे कळलं, तिला काय पाहिजे होतं ते त्या यादीत कुठंय? बाई म्हणाल्या, नाटक आणते, वाचू आणि बघू. घंटा झाली.

(दृश्य: शनिवार सकाळ. पुन्हा तोच फळा.)

चौथा नियम पुसून परत पहिल्यासारखा लिहिलाय, अक्षर बाईंचं नाही. सातही नियमांच्या खाली तारीख आहे, आणि तारखेपुढे दोन-दोन पोरांच्या सह्या.