चवथीनंतरची पहिली किक

(दृश्य: पडवीचा कोपरा. निळ्या ताडपत्रीखाली मोटारसायकल. अंगणात ऊन.)

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली, अंगणातले शेवाळ सुकू लागले, की गोव्यातल्या पडव्यांमधून ताडपत्र्या उचलल्या जातात. कुणी बोटीवरून रजेवर आलेला असतो. कुणाला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी हंगामासाठी तयार करायची असते. कुणाला दसऱ्याला हँडलवर झेंडूची माळ घालायची असते. आणि ताडपत्री निघाली रे निघाली, की हात चावीकडे आणि पाय किककडे जातो. तो पाय थोडा आवरायचा.

थंड मुलखात गाड्या बर्फासाठी बंद ठेवतात, आपल्याकडे पावसासाठी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. गाडीवर थेंब पडला नसला तरी दमट हवा टाकीत, ड्रममध्ये, वायरींच्या जोडांत शिरतेच. प्लॅस्टिकचे आवरण घट्ट बांधले असेल तर ती ओल आतच कोंडते. रोज भर पावसात धावणाऱ्या पायलटाच्या, म्हणजे मागे बसवून भाडे नेणाऱ्याच्या, मोटारसायकलला यातली बरीच दुखणी होत नाहीत, कारण तापलेल्या इंजिनातली ओल वाफ होऊन निघून जाते. उभ्या गाडीतली ओल तिथेच राहते.

(दृश्य: सायलेन्सरच्या तोंडात टॉर्चचा उजेड.)

आधी टॉर्च घ्या. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले असते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कापूस, सुकी पाने आणि सीटचा फोम साठवलेला असतो. सीट काढून वायरी पाहा, दातांचे व्रण असतील तर तिथे तांबे उघडे पडलेले असते. हात घालण्याआधी गाडी काठीने हलवावी, चाकाखाली आणि इंजिनाच्या सांदीत साप असू शकतो. कागदी फिल्टरला बुरशी आली असेल तर झटकू नका, बदला. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुवून, सुकवून, हलके ऑइल लावून परत बसवता येतो.

आता पेट्रोल. गाडी सुरू न होण्याचे मूळ बहुतेक वेळा इथे असते, म्हणून इथे वेळ घालवायचा.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढते. त्याच्या आवाक्याबाहेर पाणी झाले, की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, तोही तळातूनच ओढतो, आणि रिझर्व्हवर ठेवला तर अगदी खालचा गाळ. टाकीच्या झाकणाभोवतीही नीट बघा. काही गाड्यांना तिथे पाणी निघून जायला बारीक भोक असते आणि खाली नळी. ते लाल मातीने बुजले, की पाणी झाकणाच्या खोलग्यात साचते आणि जुन्या रबरामधून थेंब थेंब टाकीत उतरते.

(दृश्य: काचेची बाटली उजेडासमोर. खाली गढूळ थर, वर पिवळसर पेट्रोल.)

कॉकची नळी काढून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि १० मिनिटे स्थिर ठेवा. दोन थर दिसले, किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर टाकी पूर्ण रिकामी करा. कॉकच्या आतली जाळी धुवा. हे पेट्रोल अंगणात ओतू नका. आपली जांभ्याची जमीन सच्छिद्र आहे, आणि विहीर दहा पावलांवर असते. बंद डब्यात भरून गॅरेजला द्या.

कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भांड्याची) गाडी असेल तर त्याची खालची वाटी उघडायची. तिचे स्क्रू मऊ असतात, डोक्यात घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर वापरा. वाटीत मधासारखा चिकट थर आणि हिरवट-पांढरी पूड दिसेल. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे भोकाचे पितळी तुकडे, दोन असतात. मोठा वेगासाठी. छोटा, म्हणजे पायलट जेट, आयडलिंगसाठी, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन संथ चालण्यासाठी. पायलट जेटचे भोक अर्धा मिलिमीटरही नसते, त्यामुळे पहिले तेच बुजते. चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारा खटका) ओढलेला असताना गाडी चालते आणि चोक सोडला की बंद पडते, तेव्हा दोष बहुधा याचाच. क्लीनरचा फवारा मारा, हवा मारा, मग जेट आकाशाकडे धरून पाहा: उजेडाचा गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. नाही दिसला तर विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार घालावी. सुई कधीच नाही, पितळेचे भोक मोठे होते आणि गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून फेरे मोजा आणि लिहून ठेवा. बसवताना तेवढेच फेरे.

कॉक चालू राहिला असेल आणि फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) अडकली असेल तर पेट्रोल इंजिनातही उतरते. म्हणून ऑइल तपासा. पातळी वाढलेली, वास पेट्रोलचा: इंजिन अजिबात फिरवू नका, ते ऑइल आता वंगणाचे काम करणार नाही. रंग दुधाच्या चहासारखा: आत पाणी आहे. दोन्ही वेळी ऑइल बदलायचेच. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना साधारण एक लिटर लागते, नेमका आकडा आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये.

मग स्पार्क प्लग काढा. भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, इंजिन ऑइल सोडा आणि अर्धा तास थांबा. चार महिन्यांत सिलिंडरच्या भिंतीवरून तेल उतरलेले असते, आणि कोरड्या भिंतीवर पिस्टनच्या रिंगा घासल्या की ओरखडे कायमचे राहतात. मेन स्टँडवर टॉप गिअर टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवा. मोकळे फिरले तर न्यूट्रल करून, चावी बंद ठेवून, दहा-बारा हलक्या किका मारा. भोकावर फडके धरा, जास्तीचे तेल तिथून उडते. प्लग ब्रशने घासून आधी हातानेच आटे बसवा, पाना शेवटी.

(दृश्य: मल्टिमीटरवर ११.९.)

बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर चार्जरवर लावा. करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका: ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, रात्रभर. घाईने जास्त करंट दिला तर प्लेटी तापून वाकतात. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना पॉझिटिव्ह आधी. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या आहेत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या. त्यांचा पेट्रोल पंप विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली असेल तर ढकलून काही होत नाही. चावी लावल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद घूं आवाज आला पाहिजे.

ड्रम ब्रेक मात्र उघडल्याशिवाय सोडू नका. खाऱ्या हवेने ड्रमच्या आत गंजाची तांबडी कडी धरते आणि लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर) तिला चिकटतात. चाक ढकलल्यावर ‘टक’ आवाज करून सुटले म्हणजे काम झाले असे नाही. सुटताना लायनरचा तुकडा उडालेला असू शकतो, आणि तो पुढच्या उतारावर चाक अडकवतो. पॉलिश पेपरने कडी घासा, भुकटी ओल्या फडक्याने पुसा, फुंकू नका. ब्रेकचा कॅम (लायनर ड्रमवर दाबणारा दांडा) काढून ग्रीस लावा, लायनरला ग्रीसचे बोटही लागू देऊ नका.

चेन रॉकेलने धुवून गिअर ऑइल द्या, आखडलेल्या कड्या हाताने वाकवून मोकळ्या करा. मधला ढील सुमारे २५ मिलिमीटर. टायरमध्ये हवा, विमा आणि पीयूसीची तारीख, इतके पाहून घ्या. अॅक्सिलरेटर सोडल्यावर झटकन मागे आला पाहिजे. येत नसेल तर तेल घालत बसू नका, केबल बदला.

क्लच प्लेटी एकमेकींना चिकटलेल्या असतात. टॉप गिअरमध्ये, क्लच दाबून, गाडी पुढे-मागे हलवा, सुटतील. हे न करता इंजिन चालू असताना पहिला गिअर टाकला, तर गाडी थेट पडवीच्या खांबावर जाते.

आता गाडी अंगणात आणा, बंद खोलीत धूर जीव घेतो. ताजे पेट्रोल दोन लिटर, कॉक उघडा, वाटी भरायला मिनिटभर द्या. चोक. किक.

सुरुवातीला निळसर धूर येईल, तो आपण घातलेल्या चमचाभर तेलाचा. दोन-तीन मिनिटांत विरला पाहिजे. इंजिन किंचित वेगात असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. पहिली फेरी वाड्यापुरतीच, वेग कमी, ब्रेक पुन्हापुन्हा हलके दाबत.

(दृश्य: संध्याकाळ. इंजिनाखाली पुठ्ठा सरकवणारा हात.)

परतल्यावर इंजिनाखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि कॉक बंद करा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग असेल तर त्याच्या सरळ वर पाहा: काळा डाग ड्रेन बोल्टचा, चिकट पिवळा चेनचा. डाग नसला तरी पुठ्ठा हुंगून बघा. पेट्रोल उडून जाते, वास मागे राहतो.