न्हाणीघर दुरुस्तीला काढताना

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना निम्मा सरला की मला एक फोन हमखास येतो. पलीकडे मुंबईला असलेला कुणीतरी मुलगा किंवा सून. 'गावच्या घरातलं बाथरूम नवीन करायचंय, गणपतीच्या आत होईल ना?' मी विचारतो, गावी राहतं कोण? 'आई-बाबा.' मग त्यांना काय हवंय ते विचारलंत का? जरा वेळ शांतता, आणि मग, 'त्यांना काय विचारायचं? टाइल्स आम्ही पसंत करून ठेवल्यात.'

मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण हा प्रताप मी स्वतः केलेला आहे. बांधकामांवर देखरेख करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. तरी मालवणजवळच्या आमच्या घरात न्हाणीघर बांधलं ते आईला एका शब्दाने न विचारता. पांढरी चकचकीत फरशी, काचेचं पार्टिशन, डोक्यावर ताटाएवढा शॉवर. आईने दारावर हळदकुंकवाची बोटं ओढली आणि दुसऱ्या दिवशी मागीलदारच्या जुन्या न्हाणीत, दगडावर बसून, बंबातल्या पाण्याने आंघोळ केली. महिन्याने गेलो तर नव्या बाथरूममध्ये सोललेले नारळ ओळीने रचलेले. म्हणाली, 'सुकी जागा आसा, उंदीर येयत नाय.'

तिचं काय चुकलं? बसून आंघोळ करणाऱ्या बाईला मी बसायला जागाच ठेवली नव्हती. फरशीवर साबणाचं पाणी पडलं की पाय ठरत नव्हता. आणि शॉवरमधून धार यायचीच नाही. आमचं घर कौलारू, वर स्लॅब नाही, टाकी शेजारच्या चबुतऱ्यावर. टाकीची पातळी शॉवरपेक्षा जेमतेम चार फूट वर. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. चार फुटांत मिळणार काय? ठिबक सिंचन! तेव्हा नळ निवडायच्या आधी टाकी किती उंच आहे ते टेप लावून मोजा. उंची नसेल तर पंप बसवा, नाहीतर साधा मोठ्या तोंडाचा नळ, बादली आणि तांब्या ठेवा. यात कमीपणा काही नाही. पावसात दोन-दोन दिवस वीज जाते तेव्हा पंप आणि गीझर दोन्ही गप्प असतात, आणि चुलीवरचं पाणी आणून ओतायला बादलीच लागते.

म्हणून पहिलं काम कागदावरचं, तेही त्या घरात बारा महिने राहणाऱ्या माणसाजवळ बसून. बसायला भिंतीला लागून अठरा इंच उंचीचा कट्टा बांधा, वर खरखरीत दगड. कमोडशेजारी आणि नळाजवळ धरायला स्टीलचा दांडा, साधारण तेहतीस ते छत्तीस इंचांवर. इथे एक खोच आहे. आपल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. जांभा मऊ आणि सच्छिद्र, त्यात साधा प्लग मारून दांडा बसवला तर माणसाचा तोल जाईल त्या दिवशी दांडा हातात येईल. त्या जागी चिरा कापून काँक्रीटचा ठोकळा आधीच भरून घ्या. गीझरलाही तेच. पंचवीस लिटरचा गीझर पाण्यासकट सहज पस्तीस किलोच्या वर जातो. आणि दार बाहेर उघडणारं करा. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. असं एक दार कुऱ्हाडीने फोडताना मी पाहिलंय.

आता वेळेचं. गणपतीच्या आत हवं म्हणून मे महिन्यात फोडायला घेतलं, तर मृगाच्या सरींत भिंत उघडी पडते. प्लॅस्टर वाळत नाही, सिमेंटच्या गोण्या दगड होतात. दिवाळी झाली की सुरू करा. वाळू कोरडी, हवा कोरडी, गवंडी मोकळा. फक्त शिमग्याचे दिवस हिशेबात धरू नका, तेव्हा पालखी घरोघरी फिरत असते आणि तुमचा गवंडी पालखीबरोबर. एप्रिल-मेमध्ये आणखी एक अडचण. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. तसलं पाणी किंवा खाडीची न धुतलेली वाळू कामात गेली की भिंतीला लोणा, म्हणजे मिठाची पांढरी भुकटी, फुटतो आणि आतली सळई गंजते. चव घेऊन बघा, जिभेला खारट लागलं तर ते पाणी मालाला वापरू नका.

काम सुरू झालं की टाइल्स डोक्यातून काढून टाका आणि पाण्याबरोबर चाला. पाणी टाकीतून कुठे येतं, फरशीवर कुठे पडतं, कुठल्या कोपऱ्यात जातं, भिंतीबाहेर कुठे निघतं. फरशीला दर फुटाला पाव इंच उतार हवा आणि तो एकाच बाजूला, दारापासून लांब. फरशी बसवायच्या आधी तांब्याभर पाणी ओतून बघता येतं, नंतर नुसतं हळहळता येतं. पाणी बाहेर जातं त्या तोंडाशी, कोपऱ्यात, जो ट्रॅप बसवतात, म्हणजे तळाशी पाणी धरून वास अडवणारं भांडं, त्याला दुकानदाराच्या इंग्रजी यादीतसुद्धा 'नहाणी ट्रॅप'च म्हणतात. आपला एक शब्द तरी त्या यादीत शिरलाय! तो खोल घ्या, आत दोन इंच पाणी राहील असा. तुंबू नये म्हणून वरून जाळी लावा, आणि पाइपच्या बाहेरच्या तोंडाला दुसरी, नाहीतर पावसात बेडूक आत येतात, आणि बेडकामागून कोण येतं ते तुम्हाला सांगायला नको.

वॉटरप्रूफिंगवर लोक भांडतात ते भावावरून. मी भांडतो ते चाचणीवरून. जमीन आणि भिंत मिळते तिथे गवंडी वाटा मारतो, म्हणजे काटकोन गोल करतो, ते झालं की लेपाचे दोन हात, एक उभा, एक आडवा. भिंतीवर नळाच्या बाजूला निदान डोक्याइतका उंच, कारण चिरा पाणी शोषतो आणि ओल पलीकडच्या माजघरात फुटते. लेप वाळला की ट्रॅपमध्ये बोळा घालून चार बोटं पाणी भरायचं आणि अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. एका घरी मी संध्याकाळी पाण्याच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली. गवंडी शांतपणे म्हणाला, 'रात्री बेडूक पिऊन गेलो असतलो.' आम्ही पुन्हा भरलं, पुन्हा रेघ मारली, दुपारपर्यंत पुन्हा अर्धं बोट खाली. बेडकाला एवढी तहान नसते. पाइप जमिनीतून वर येतो तिथे, त्याच्या गळ्याभोवती, केसासारखी फट होती. ती भरायला अर्धा दिवस लागला. फरशी बसल्यावर सापडली असती तर सगळं उखडावं लागलं असतं.

पाइप भिंतीत झाकण्याआधी टेप धरून फोटो काढून ठेवा, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पुढे कधी आरशासाठी खिळा ठोकाल तेव्हा उपयोगी पडेल. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप, घ्या, जस्ती लोखंडी पाइप खाऱ्या हवेत टिकत नाही. नळ जड पितळी, हातात तोलून घ्या. बिजागऱ्या, स्क्रू, टॉवेलची दांडी स्टेनलेसची मागा, अगदी समुद्राच्या तोंडावर घर असेल तर ३१६ नंबरचं. नुसतं चकचकीत दिसणारं लोखंड दोन पावसाळ्यांत तांबूस डाग सोडतं. गीझरला चार चौरस मिलिमीटरची वेगळी तार आणि बोर्डावर तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा खटका. इथे काटकसर करू नका, ओल्या अंगाचा प्रश्न आहे. खिडकी नैऋत्येला असेल तर पावसाची झड थेट आत येते, वर छज्जा काढा. फरशी खरखरीत आणि लहान तुकड्यांची, म्हणजे सांधे जास्त आणि पाय घट्ट. रंग तुम्हाला हवा तो.

सांडपाण्याचं मात्र लक्ष देऊन ऐका. आंघोळीचं पाणी सेप्टिक टाकीत सोडू नका, पूर्वीसारखं माडाला, केळीला, अळवाला द्या. टाकीत फक्त संडासाचं. टाकी पाच माणसांची आणि गणपतीत घरात पंचवीस माणसं, हे गणित दरवर्षी पाचव्या दिवशी अंगणात नाकाला कळतं. टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट दूर हवा आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्याच्या भोकांतून घाण पाणी कुठल्या वाटेने विहिरीत उतरेल याचा भरवसा नाही, तेव्हा जागा असेल तर आणखी दूर न्या. शेजाऱ्याची विहीरही मोजा, फक्त आपलीच नको.

आमच्या घरात मी पुढल्या वर्षी फरशी उखडली, कट्टा बांधला, काच काढली. आई आता तिथे आंघोळ करते. नारळ पडवीत आले.

शेवटचं, घर बंद करून मुंबईला परतणाऱ्यांसाठी. चार-सहा महिन्यांनी कुलूप काढल्यावर बाथरूममधून जो वास येतो आणि झुरळं निघतात, ती साफसफाईची चूक नसते. ट्रॅपमधलं दोन इंच पाणी उन्हाळ्यात आटून जातं आणि गटाराची वाट उघडी पडते. निघायच्या दिवशी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर स्वच्छ पाणी ओता आणि वर दोन चमचे खोबरेल सोडा. तेल पाण्यावर तरंगतं, पाणी लवकर आटत नाही. कमोडमध्येही तसंच. मग टाकीचा कॉक बंद करा, गीझरचा खटका खाली पाडा आणि किल्ली शेजारी द्या.

नमस्कार.