एका दिवसाला एकच खोरं

श्रोतेहो, नमस्कार. लेकीकडे, भावाकडे, जावयाकडे म्हणून स्कॉटलंडला जाणारी मंडळी आता आपल्याकडेही पुष्कळ झाली आहेत. तिथे पोचण्याआधीच यादी तयार असते: सकाळी स्टर्लिंगचा किल्ला, दुपारी ग्लेन्को, संध्याकाळी लॉख नेस. असं करू नका हो. दिवस गाडीत जातो आणि घरी आल्यावर मुलांना एकही डोंगर आठवत नाही. एका दिवसाला एकच खोरं घ्या. पुन्हा सांगते, एका दिवसाला एकच खोरं.

आम्ही घेतलं बाल्व्हिडरचं खोरं. ग्लासगोहून उत्तरेला, कॅलँडरच्या पुढे. भाऊ-वहिनी, त्यांची मुलं, तिथली दोन मित्रकुटुंबं आणि आमची पंच्याहत्तरीची आत्या. आत्या माण तालुक्यातली, आमचं घराणं मेंढपाळांचं. तिचं लहानपण मेंढरांमागे गेलेलं.

गावात जुन्या, छप्पर नसलेल्या चर्चच्या आवारात रॉब रॉय मॅकग्रेगरची कबर आहे. गुरांचा व्यापारी, पुढे सरकारशी वैर घेतलेला, १७३४ मध्ये वारला. या मॅकग्रेगरांचं आडनावच राजाने १६०३ मध्ये बंद केलं होतं, ती बंदी कायमची उठायला १७७४ उजाडलं. म्हणून कबरीवर कोरलंय, ‘त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर’. पोरांना मी ते दोनदा वाचून दाखवलं. माणसाचं नाव काढून घेणं ही काय चीज असते, हे त्यांना कळायलाच हवं.

तिथून पुढे लॉख व्हॉइल या तळ्याच्या कडेने एकेरी रस्ता जातो. एकच गाडी मावेल इतकाच. मध्ये मध्ये गाडी बाजूला घ्यायला रुंद जागा केलेल्या असतात. नीट ऐका: ती जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं. उजव्या हाताला असेल तर आपण आपल्याच बाजूला, तिच्या समोर थांबायचं आणि येणाऱ्याला तिथे शिरू द्यायचं. डावीकडे असेल तर आत, उजवीकडे असेल तर समोर. आणि मागच्याला घाई असेल तर त्यालाही तिथेच पुढे सोडायचं. आपल्या घाटांत एवढं पाळलं तर किती जीव वाचतील!

तर त्या रस्त्यावर मेंढरं आडवी आली. काळ्या तोंडाची, शिंगांची, अंगावर मालकाच्या रंगाची खूण. लोकर कातरायला डोंगरावरून खाली आणत होते. आम्ही गाड्या थांबवल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत आत्या दार उघडून खाली उतरली.

रस्त्याकडेला दगडी भिंतीचा वाडा होता. तिथला मेंढपाळ एका लंगड्या मेंढीला दोन्ही गुडघ्यांत धरून तिचा खूर तासत होता. आत्या सरळ गेली, मेंढीचा खालचा ओठ अंगठ्याने खाली केला, दात पाहिले आणि त्याच्यासमोर चार बोटं धरली. चार दाती; मेंढीचं वय असं दातांवरून कळतं. तो क्षणभर बघतच राहिला. मग त्यानेही मेंढीचं तोंड पाहिलं आणि चार बोटं वर केली! आत्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही आणि त्याची बोली तर माझ्या भावालाही धड कळत नव्हती.

पुढचा तासभर आम्ही नुसते बघे. त्याने खुरावर निळं औषध फवारलं. आत्याने वास घेऊन मान हलवली, म्हणजे पसंत. कुत्रा गवतात पोट टेकून पडला होता. एका शिट्टीसरशी उठला, लांबून वळसा घालून पन्नासेक मेंढरं गोळा करून घेऊन आला. आत्या मला म्हणाली, “आपला कुत्रा लांडग्यावर जातो, ह्यो मेंढरं वळतो. हितं लांडगा न्हाई वाटतं.” खरंच, लांडगा तिथे केव्हाच संपला.

मग तिने लोकर दोन बोटांत चोळली. “ही तर घोंगड्याची.” मेंढपाळ म्हणाला, हो, जाडी लोकर, गालिच्याला जाते. आत्याने भावाकडून दर विचारून घेतला. त्याने सांगितलं, लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही. “म्हंजी हितंबी त्येच,” आत्या म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्याकडे माणदेशातही कातरलेली लोकर कुणी उचलत नाही, हे तिने त्याला माझ्याकडून सांगवलं.

इथे एक गोष्ट बोलून घेते. हायलँड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाच्या, कितीतरी खोऱ्यांतून अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी माणसं हुसकावली आणि मेंढ्या घातल्या. १७९२ मध्ये रॉसशायरच्या लोकांनी त्या मेंढ्याच हाकलून द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा सैन्य आणून तो मोडला. आपल्याकडे मेंढपाळालाच रान उरलेलं नाही. मोकळा डोंगर दिसला की तो मोकळा कसा झाला, हे विचारायला शिका.

आता वेळ थोडा उरलाय. जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा निघायची घाई नको. डबा घरून न्या, दशम्या दिवसभर टिकतात. वारा पडला की बारीक चावरे किडे उठतात, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. २००३ च्या कायद्याने तिथल्या बहुतेक रानांत कुणालाही पायी फिरता येतं, पण गेट उघडं असेल तर उघडंच ठेवायचं आणि बंद असेल तर आपल्यामागे बंद करायचं. गेट जसं दिसलं तसंच ठेवा. एका उघड्या गेटातून कळप रस्त्यावर येतो आणि तो परत आणायला त्या माणसाचा अख्खा दिवस जातो.

नमस्कार.