'मॅक्बेथ' वर्गात उभा करताना

मित्रमैत्रिणींनो, अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवणाऱ्या तुम्हा सगळ्यांकडे मी एकच आग्रह धरायला आले आहे. अभिजात इंग्रजी साहित्य मुलांना समजावून सांगण्याआधी ते त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. आपल्याकडे उलटं होतं. पहिल्या तासाला लेखकाचं चरित्र, मग सारांश, मग थीम, मग अलंकार. मूळ ओळींपर्यंत पोहोचेतो टर्म संपत आलेली असते. गाइड आधी हातात पडतं, पुस्तक नंतर. मग शेक्सपिअर आपल्या आवाक्यातला नाही, असं मुलांनी ठरवून टाकलं तर त्यांचं काय चुकलं?

'मॅक्बेथ'च घ्या. १६०६ च्या सुमाराचं नाटक. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. राजा डंकनचा खून करून मॅक्बेथ परत आलाय, बायको वाट बघतेय. ती विचारते, 'डिड नॉट यू स्पीक?' तो म्हणतो, 'व्हेन?' ती, 'नाऊ.' तो, 'अ‍ॅज आय डिसेंडेड?' यातला 'डिसेंडेड' सोडला तर कुठला शब्द अडतो? दोन मुलांना वर्गाच्या दोन टोकांना उभं करा आणि हेच कुजबुजत म्हणायला लावा. शेजारच्या वर्गात ऐकू जाता कामा नये, एवढीच अट. मोठ्याने वाचल्यावर सपक वाटणाऱ्या या ओळी कुजबुजताना अंगावर येतात. दोघं बोलतायत एकमेकांशी, पण कान लागलेत भलत्याच आवाजाकडे, हे कुणी न सांगता मुलांना कळतं.

आता त्याच प्रवेशातले खंजीर पाहा. काम झालं, हे मॅक्बेथ आल्या आल्या सांगतो. मग तीसेक ओळी बोलणं होतं, आणि तेव्हा कुठे ती विचारते, हे खंजीर तिथून इकडे कशाला आणलेस? इतका वेळ ते होते कुठे? त्याने पाठीमागे धरले होते, की समोर असून तिला दिसले नाहीत? हे नाटक पहिल्यांदा छापलं गेलं १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात, आणि तिथेही याबद्दल सूचना नाही. म्हणजे निर्णय मुलांनी घ्यायचा, आणि कारण ओळींतून काढून दाखवायचं. 'तिला दिसले नाहीत' म्हणणाऱ्या मुलीला हेही सांगावं लागतं, की एवढी खंबीर बाई नवऱ्याचे हात का पाहत नाही. ती जे सांगेल तेच लेडी मॅक्बेथचं स्वभावचित्र. गाइडमधलं पान पाठ करायची गरज उरत नाही.

ही चर्चा मराठीत होऊ द्या. त्यात कमीपणा कसला? आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणला तो १८८३ साली, 'विकारविलसित' म्हणून. शिरवाडकरांचा 'राजमुकुट' तर 'मॅक्बेथ'च आहे. तो जरूर वाचून दाखवा, फक्त मूळ प्रवेश मुलांनी स्वतः म्हटल्यानंतर.

कवितेलाही हेच लागू. बारावीच्या युवकभारतीत बायरनची 'शी वॉक्स इन ब्यूटी' आहे. पहिली ओळ 'लाइक द नाइट'पाशी संपते, मुलं तिथेच श्वास घेतात आणि लिहितात, कवीने तिला काळोखाची उपमा दिली. पण वाक्य तिथे संपलेलंच नाही. न थांबता पुढच्या ओळीत जा, ही रात्र निरभ्र आकाशाची, ताऱ्यांची आहे. हे ज्याला ऐकू आलं, तो अप्रिसिएशनच्या, म्हणजे रसग्रहणाच्या प्रश्नाला स्वतःचं उत्तर लिहितो. परीक्षकालाही पहिल्या दोन वाक्यांत ते ओळखू येतं.

राहिली कादंबरी. डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' मुलांसमोर जाडजूड ठोकळा म्हणून ठेवू नका. डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात ती साप्ताहिकात छत्तीस भागांत आली. वाचकांनी ती आठवडाभर वाट बघत वाचली. तुम्हीही तशीच द्या. भाग जिथे तुटतो तिथे पुस्तक मिटायचं, आणि पुढे काय होईल ते मुलांना बोलू द्यायचं. आठवड्याला दोन भाग धरले, तर जूनच्या मध्यावर सुरू केलेली कादंबरी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाचून होते.